देवी प्रसाद : सेवाग्रामच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर

रेघोटी

देवी प्रसाद हे नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही. स्टुडिओ पॉटरीवाल्यांमध्ये त्यांना मान आहे. युद्धविरोधी चळवळीतल्या जुन्या माणसांना ते त्या नात्याने ठाऊक असतात. त्यांच्याविषयी जे काही माझ्या वाचनात आलं त्याचा क्रम ठरलेला आहे: शांतिनिकेतनात शिकले, सेवाग्रामात शिकवलं, लंडनला गेले, परत येऊन दिल्लीत मातीकाम केलं, पुरस्कार, २०११ मध्ये निधन. दुसऱ्या कलमाला एकच ओळ मिळते. ती ओळ १९४४ ते १९६२ एवढी लांब आहे. अठरा वर्षं! म्हणजे पहिलीत बसवलेलं पोर शिकून, संसाराला लागून स्वतःचं पोर त्याच शाळेत घालायला येतं तेवढा काळ.

एवढा काळ हा माणूस आपल्या वर्धा जिल्ह्यात, खेड्यातल्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होता. म्हणून हा धागा.

जन्म १९२१, देहरादूनचा. १९३८ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तेव्हा नंदलाल बोस तिथले प्रमुख होते आणि रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी शिकवत होते. (सत्यजित राय यांचाही कलाभवनातला काळ मधलाच, १९४० ते ४२.) कलाभवनाचं वैशिष्ट्य असं की चित्र म्हणजे चौकटीत घालून भिंतीवर टांगायची वस्तू एवढंच तिथे कुणी मानत नसे. अंगणातली अल्पना (बंगाली रांगोळी), उत्सवाची सजावट, भित्तिचित्रं, नाटकाचा पडदा, सगळं एकाच पंगतीला. तिथलं 'कालो बाडी' नावाचं वसतिगृह तर मातीचं आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून त्याच्या भिंतींवर उठावाची चित्रं केली आणि वरून डांबर फासलं. या वळणात वाढलेल्या पोराला 'तू चित्रकार होणार की शिक्षक?' असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता, असं मला वाटतं.

१९४४ मध्ये तिथलं शिक्षण संपलं आणि ते सेवाग्रामला आले, हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून. गांधींची 'नई तालीम', म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ही योजना हा संघ राबवत होता. संघ चालवत होते आशादेवी आणि आर्यनायकम हे जोडपं. आर्यनायकम मूळचे सिलोनचे, आशादेवी बंगाली, आणि दोघंही आधी शांतिनिकेतनात होते. म्हणजे रवींद्रनाथांच्या अंगणातून गांधींच्या अंगणात जायची वाट आधीच मळलेली होती. देवी प्रसाद त्या वाटेने आले आणि ठाण मांडून बसले. मुलांना शिकवणं, शिक्षकांना तयार करणं, 'नई तालीम' मासिकाचं संपादन, शिवाय स्वतःची चित्रं आणि फोटो. मातीकामाची गोडीही त्यांना इथेच लागली.

शाळेत काय केलं, हे त्यांच्याच शब्दांत वाचायचं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं 'शिक्षा का वाहन कला' हे हिंदी पुस्तक मिळवा. सारांश काढून मी त्याची चव घालवत नाही. पण गाभा सांगायचा तर: मोठ्यांचं चित्र मुलापुढे ठेवून 'असं काढ' म्हणायचं नाही. मुलाच्या चित्रात आपली पेन्सिल घालायची नाही. आणि कला हा शनिवारी शेवटच्या तासाला उरकायचा विषय नव्हे, तिच्यावरच बाकीचं शिक्षण उभं राहतं.

मला चर्चा हवी आहे ती या अठरा वर्षांवर. आपल्याकडे शिक्षक-चित्रकार गेला की 'शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी कलेची साधना केली' असं छापून येतं. नोकरी सांभाळून! जणू शाळा हा कलेच्या वाटेतला धोंडा, आणि बिचाऱ्याने तो जन्मभर डोक्यावर वाहिला. देवी प्रसादांना हे वाक्य लावून बघा, बसतच नाही. शाळा हेच त्यांचं चित्रकाराचं काम होतं.

नुसताच_वाचक

वाचनखूण साठवली. नाव पहिल्यांदाच ऐकलं, खोटं कशाला बोलू.

चौथा_तास

लेख छान आहे. पण मी स्वतः चित्रकला शिक्षक आहे, अनुदानित शाळेत, पाचवी ते दहावी. तेव्हा थोडं मीठ-मिरची मी टाकतो.

'मुलाच्या चित्रात पेन्सिल घालायची नाही' हे वाचायला गोड आहे. माझ्याकडे एका वर्गात साठच्या घरात मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. त्यातली दहा मिनिटं 'सर कागद नाही', 'सर ह्याने माझा ब्रश घेतला' यात जातात. वर्षभरात पालक मला एकदाच भेटतात, ते विचारायला: "सर, इंटरमिजिएटला ए मिळेल ना?" कारण चित्रकलेच्या या ग्रेड परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण आहेत. ए ला ७, बी ला ५, सी ला ३. पोराला रंगांची आवड आहे का, हे विचारणारा पालक लाखात एक.

आणि ग्रेड परीक्षेला चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. वस्तुचित्रात तांब्या ठेवतात. मुलं काय करतात माहीत आहे? तोंड लंबगोल काढतात, कारण ते दिसतं. बूड मात्र पट्टीने सरळ रेघ मारून मोकळी होतात, कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवलाय ना! प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखाली जसजसं जावं तसा लंबगोल फुगत जातो, म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोल दिसायला हवी. हे मी शेजारी बसून, हातात पेन्सिल घेऊन दाखवलं नाही तर कोण दाखवणार? त्या मुलाच्या 'आतल्या कलाकाराला' ते आपोआप उमगणार आहे का?

देवी प्रसादांबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या शाळेला बोर्डाची परीक्षा नव्हती, गांधी होते.

वर्धेची_सून

गांधी होते, पण किती दिवस? ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामातून गेले ते परत आलेच नाहीत. म्हणजे या मास्तरांच्या अठरा वर्षांतली दोनच वर्षं गांधींच्या शेजाराची, आणि तीही गांधी सतत दौऱ्यावर असण्याची. उरलेली सोळा वर्षं शाळा आर्यनायकम पती-पत्नी आणि इतर शिक्षकांनी ओढली. १९४९ पासून दहाएक वर्षं मार्जोरी साइक्स तिथे शिक्षक-प्रशिक्षण सांभाळत होत्या. त्यांचंही नाव आता कुणी घेत नाही.

आमच्या घरी पाहुणे आले की बापू कुटी दाखवायला नेणं हे सुनेचं काम, त्यामुळे माझ्या तिथे बऱ्याच चकरा होतात. पाहुणे काय बघतात? टेलिफोन, कंदील, बसायची जागा, ते साप पकडायचं लाकडी चिमटं. फोटो काढतात, चालले. मी मुद्दाम त्यांना भिंतीकडे वळवते. आतल्या मातीच्या भिंतींवर मीराबेननी उठावाची चित्रं केलीत: ताडाची झाडं, मोर, चरखा. ही कुटी मुळात मीराबेनचीच होती, गांधी नंतर राहायला आले. हाताने लिंपलेल्या भिंतीवर त्याच मातीचा थर चढवून ते झाड उभं केलंय, रंग नाहीच. उजेड तिरपा आला की झाड दिसतं, समोरून पडला की भिंतीत मुरून जातं. वरच्या 'कालो बाडी'च्या उल्लेखावरून मला हेच आठवलं. दोन्हीकडे माती, दोन्हीकडे उठाव. एकीकडे डांबर फासलेलं, दुसरीकडे तेही नाही.

शाळा मधल्या काळात बंद पडली होती. २००५ मध्ये 'आनंद निकेतन' नावाने त्याच आवारात पुन्हा सुरू झाली, मराठी माध्यमाची. शेती, स्वयंपाक, कातकाम सगळं अभ्यासात आहे. "एवढं शिकून पोरगं शेतातच जाईन का?" असं विचारणारे आमच्याकडे आजही आहेत. १९४४ मध्ये काहून नसतील बाप्पा?

रेघोटी

@वर्धेची_सून, ताई, भिंतीचं वर्णन फार आवडलं. तिरप्या उजेडाचं लक्षात ठेवीन.

@चौथा_तास, सर, तुमचा तांब्या मला मान्य आहे. पण तुम्ही दोन वेगळी वयं एकाच बाकावर बसवताय. पाच-सात वर्षांचं मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. घराची भिंत काढेल आणि आतली माणसंही दाखवेल. ते चुकत नसतं, सांगत असतं. तिथे पेन्सिल घातली तर सांगणं बंद पडतं. नऊ-दहाच्या पुढे मूल स्वतःच चिडायला लागतं, 'माझा घोडा घोड्यासारखा दिसत नाही.' तेव्हा तुमचा लंबगोल त्याला हवाच असतो, तहान लागलेली असते. आपल्या शाळांत होतं उलटं. तहान लागायच्या आधी पाणी पाजतात, आणि लागते तेव्हा 'आता दहावी आली, चित्रकला बंद.'

आणि परीक्षेचं म्हणाल तर एक गंमत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. तिच्या अभ्यासक्रमात चित्रकला आणि संगीत हे रीतसर विषय म्हणून होते. नई तालीम म्हणजे नुसती टकळी, असं समजणाऱ्यांनी तो कागद बघावा. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याकडे या. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी 'अर्धवेळ' निदेशक. अर्धवेळ! सत्तर वर्षांत आपण पूर्णवेळाचे अर्धवेळ झालो.

तापीकाठ

सेवाग्रामचं बोलताय तर आमच्या खानदेशालाही आत घ्या. नंदलाल बोस आणि गांधी यांचं जे जमलं त्यातला एक मोठा टप्पा फैजपूरचा आहे. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. सजावट नंदलालांची. गांधींनी सांगितलं होतं की शहरातून सामान आणायचं नाही, गावात मिळतं त्यातच करा. मग काय, बांबू, चटया, तट्टे, दोऱ्या, माती. साने गुरुजी तेव्हा अधिवेशनासाठी गावोगाव फिरत होते. आमच्या आजोबांच्या पिढीला भाषणं फारशी आठवत नसत; बैल जुंपलेला रथ आणि बांबूच्या कमानी मात्र नीट आठवत. तो रथही नंदलालांनीच सजवला होता.

पुढे, १९३८ मध्ये, हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलालांनी काढलेली ती प्रसिद्ध चित्रं आली: शिंपी, कुंभार, ढोलकीवाला, स्वयंपाक करणारी बाई. त्याच वर्षी देवी प्रसाद कलाभवनात शिकायला गेले. म्हणजे ज्या गुरूच्या हाताखाली ते गेले, त्याच्या हाताला फैजपूरची माती नुकतीच लागलेली होती. त्या गुरूचा शिष्य पुढे वर्ध्याला येणं यात मला तरी योगायोग दिसत नाही.

शंकासूर

सगळं गोडगोड चाललंय म्हणून एक-दोन खडे.

१) गांधींना कलेचं वावडं होतं. 'आकाशातले तारे असताना चित्रं कशाला' असं काहीतरी त्यांनी म्हटलंय ना? मग त्यांच्या आश्रमशाळेत कलाशिक्षक म्हणजे लग्नात रुखवताचं ताट: मांडलं, शोभलं, उचललं.

२) एवढीच शाळा प्रिय होती तर १९६२ मध्ये लंडनला का गेले? ज्यांना खेडं आवडतं ते सगळे शेवटी लंडनला कसे सापडतात?

तापीकाठ

पहिल्याचं उत्तर वर दिलंच आहे. वावडं असतं तर लखनौ, फैजपूर, हरिपुरा या अधिवेशनांना लागोपाठ नंदलालांना बोलावलं असतं का?

तुम्ही म्हणता ते संभाषण १९२४ चं, रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी झालेलं. त्यात गांधी म्हणतात की माझ्या खोलीच्या भिंती उघड्या असल्या तरी चालेल, छप्परही नको, वर चांदणं दिसलं म्हणजे झालं. पण त्याच बोलण्यात ते कलाकृतींचं मोल नाकारत नाहीत, तेही सांगतात. आपल्याकडे अर्धं वाक्य उचलून पळायची सवय आहे. तुमचा आयडी शोभतो तुम्हाला.

शंकासूर

आयडीवर जाऊ नका, भाऊ. दुसऱ्या प्रश्नाचं काय?

रेघोटी

सांगतो.

१९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. तोवर देशभर 'बुनियादी शाळा' (म्हणजे नई तालीमच्या शाळा) नावाची पाटी लावलेल्या शाळा नेहमीच्या पुस्तकी शाळा होत चालल्या होत्या. कोपऱ्यात धूळ खात पडलेले चार चरखे एवढाच फरक. दुसरीकडे वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या युद्धविरोधी संघटनेचं संमेलन १९६० च्या अखेरीस तामिळनाडूत गांधीग्रामला भरलं. १९६२ मध्ये देवी प्रसाद त्या संघटनेचे सरचिटणीस म्हणून लंडनला गेले, १९७२ पर्यंत ते काम केलं, पुढची तीन वर्षं अध्यक्ष होते. संघटना स्थापन झाली १९२१ मध्ये, म्हणजे त्यांच्याच वयाची. चिन्ह: दोन हातांनी मोडलेली बंदूक.

१९६२ हे साल आठवा. ऑक्टोबरात चीनशी युद्ध झालं. त्या वातावरणात भारतीय माणसाने 'मी कुठल्याच युद्धात नाही' असं म्हणणं म्हणजे शिव्या खाणं. १९६३ मध्ये आपले शंकरराव देव दिल्ली ते पेकिंग मैत्रीयात्रा घेऊन निघाले तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंनी काय ऐकावं लागलं ते जुन्या मंडळींना विचारा. पुढे लंडनच्या कार्यालयात व्हिएतनामचा काळ आला. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा या संघटनेच्या लोकांनी मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट, सोफिया या शहरांत जाऊन पत्रकं वाटली आणि अटक करून घेतली. अमेरिकेलाही शिव्या आणि रशियालाही. लंडनला चैन करायला गेले असं म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि मला यात शाळा सोडणं दिसत नाही. हाताने काही घडवण्याची सवय लागलेलं मूल मोडतोडीला सहजासहजी तयार होत नाही, हे इंग्रज कलासमीक्षक हर्बर्ट रीडसारखे लोकही त्या काळात मांडत होते. देवी प्रसाद ते सेवाग्रामच्या वर्गात रोज बघत होते. शांततेचं शिक्षण या विषयावर त्यांनी पुढे लिहिलं ते याच अनुभवाच्या जोरावर. त्या कार्यालयातही मास्तरच बसला होता.

चाकावरची_माती

मी मातीकाम करते म्हणून थोडं त्या बाजूने.

देवी प्रसादांची भांडी पुस्तकांत आणि छायाचित्रांत बघताना आमच्या धंद्यातल्या माणसाचं लक्ष आधी बुडाकडे जातं. भांडं उलटं केलं की कळतं करणारा कोण आहे ते. वरचा आकार कुणीही सजवू शकतो. बुडाशी जी कडी सोडलेली असते, जिच्यावर भांडं टेकतं, ती घाईत कातलेली की निगुतीने, हे लपत नाही.

दुसरं, गावचा कुंभार आणि स्टुडिओतला कुंभार यांच्यातलं अंतर आगीचं आहे. गावचा आवा (भांडी भाजायची भट्टी) उघडा, काडीकचरा-गोवऱ्यांचा, आच साधारण सातशे-आठशे अंशांची. भांडं लाल निघतं, पाणी पाझरतं, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. स्टोनवेअरला बाराशेच्या पुढे न्यावं लागतं. तिथे माती दगडासारखी घट्ट होते आणि वरची झिलई वितळून काचेसारखी बसते. त्याला बंद भट्टी, वेगळी माती, वेगळं शास्त्र लागतं. देवी प्रसादांनी या दोन्ही टोकांना हात घातला: खेड्यातल्या कुंभाराच्या चाकापासून सुरुवात, आणि लंडनमध्ये व नंतर दिल्लीत स्टोनवेअर. १९८३ मध्ये परत आल्यावर त्यांनी घरचाच स्टुडिओ चालवला आणि तिथे शिकायला येणाऱ्यांना शिकवलं. म्हणजे शिकवणं तेव्हाही सुटलं नाही!

२०१० मध्ये दिल्लीला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, कला-इतिहासकार नमन आहुजा यांनी मांडलेलं. त्याच्या नावातच 'आर्टिस्ट-क्राफ्ट्समन' असा जोडशब्द होता. चित्रकार की कारागीर, हे भांडण त्यांनी आयुष्यभर उभंच राहू दिलं नाही. आमच्याकडे गॅलरीवाले आजही 'हे आर्ट आहे की क्राफ्ट?' असं विचारतात, कारण किंमत त्यावर ठरते.

वर्धेची_सून

एक पुरवणी. सुनंद प्रसाद हे त्यांचे चिरंजीव. लहानपण सेवाग्रामात गेलं, पुढे लंडनला वास्तुविशारद झाले आणि २००७ ते २००९ रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे अध्यक्ष होते. आमच्या गावच्या शाळेत खेळलेलं पोरगं तिथवर पोचलं. गावात विचारा, कुणालाच माहीत नाही. क्रिकेटपटू असता तर चौकात फलक लागला असता.

नुसताच_वाचक

ताई, फलकावर आमदारसाहेबांचा फोटो मोठा आणि त्याचा लहान असता.

चौथा_तास

चर्चा वाचून गप्प बसवेना. परवा पाचवीच्या वर्गात 'शेतातलं काम' असा विषय दिला आणि खोडरबर सगळ्यांचे गोळा करून टेबलावर ठेवले. मी स्वतः पेन्सिल खिशात घातली. अवघड गेलं, हात शिवशिवतो.

बरीचशी चित्रं नेहमीची निघाली. दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, एक नदी, एक झोपडी, नारळाचं झाड. आमच्या भागात नारळ नाही, तरी झाड नारळाचंच. हे कुणी शिकवलं म्हणून विचारू नका, आम्हीच शिकवलं, पिढ्यान् पिढ्या.

पण एका मुलाने खळं काढलं होतं. मधे मेढ (मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात तो खांब), वरून बघितल्यासारखं गोल खळं, आणि त्याभोवती बैल. बैल मात्र वरून नाहीत, बाजूने. सगळ्यांचे पाय मेढीकडे आणि पाठी बाहेर, चक्रासारखे. म्हणजे खालचा बैल डोक्यावर उभा! एरवी मी काय केलं असतं सांगू? 'अरे, बैल उलटा कसा?' म्हणून खोडला असता. या वेळी नुसतं विचारलं, हे काय आहे ते सांग. तर म्हणाला, "सर, बैल गोल फिरतात ना. मेढीकडून बघितलं की सगळे सरळच आहेत." कागद फिरवून दाखवला त्याने. खरंच, फिरवत गेलं की प्रत्येक बैल आपापल्या जागी नीट उभा. आमच्याकडे आता मळणी यंत्राने होते. बहुतेक आजोबांकडून ऐकलं असेल, विचारायचं राहिलं.

माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. सातवीच्या वर्गाला तांब्या शिकवणार म्हणजे शिकवणारच, ग्रेडची परीक्षा काही देवी प्रसाद घेत नाहीत. पण पाचवी-सहावीपुरता पट्टीचा आणि खोडरबरचा कर बंद.

आता एक व्यावहारिक अडचण. रंगांचे डबे निम्म्या मुलांकडे नसतात. वर्षाला शाळेकडून जे सामान मिळतं ते दोन महिन्यांत संपतं. मातीचे रंग करून वापरता येतील असं ऐकून आहे. @रेघोटी, तुमचा हात त्यात असावा असं प्रतिसादांवरून वाटतं. कृती सांगाल का?

रेघोटी

@चौथा_तास, सर, खळ्याचं चित्र जपून ठेवा, आणि मुलाची परवानगी घेऊन इथे फोटो टाका. लहान मुलांच्या चित्रात हे उलगडून मांडणं बऱ्याचदा दिसतं, पण एवढं नेमकं कारण सांगणारं मूल क्वचित भेटतं.

रंगाचं म्हणाल तर गेरू, पिवळी माती, खडूची भुकटी आणि काजळी, एवढ्या चार गोष्टींवर वर्ग चालतो. माती कुटायची, पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवायची. रेती तळाशी बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि त्याचा गाळ बसू द्यायचा. तो गाळ म्हणजे तुमचा रंग. हे दोनदा केलं तर कागदावर खरखरत नाही. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते, म्हणून ती आधी डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटायची.

बांधायला डिंक, बाभळीचा चालतो. रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. प्रमाण मातीगणिक बदलतं, त्यामुळे आधी कागदाच्या तुकड्यावर लावून बघा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पापुद्रे निघाले किंवा तडे गेले तर जास्त.

चाकावरची_माती

त्यात दोन लवंगा टाकून ठेवा, नाहीतर डिंकाच्या पाण्याला चार दिवसांत वास मारतो आणि मुलं वर्गात बसू देत नाहीत. आणि गाळ सुकवून वड्या करून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. लागेल तशी वडी भिजवायची, डिंक तेव्हाच घालायचा.

चौथा_तास

लिहून घेतलं. गेरू गावात आहे, पिवळी माती नदीच्या दरडीला मिळते. फडकं आणि लवंगा घरून नेतो. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे, त्यानंतरच्या तासाला करून बघतो आणि इथेच कळवतो.